पाच कलाकृती, एक तास आणि आपली काळी माती

शाळेची सहल संग्रहालयात गेली की मुलं नेमकं काय शिकतात? प्रश्न साधा आहे, पण उत्तर आपण बहुतेक वेळा गृहीत धरतो. ‘ज्ञानात भर पडते’, ‘वारशाची जाणीव होते’ वगैरे. सहलीच्या अहवालात ही वाक्यं असतातच. माझा पीएचडीचा विषय याच्या जवळचा आहे, म्हणजे शाळकरी मुलांना शिल्पकला कशी शिकवायची, त्यामुळे असली वाक्यं वाचली की मला विचारावंसं वाटतं, ‘कशावरून?’

या वेळी या प्रश्नावरचं एक गाजलेलं संशोधन आणि एक पुस्तक शेजारी शेजारी ठेवून वाचू. संशोधन अमेरिकेतलं आहे आणि पुस्तकामागचं काम आपल्या सेवाग्रामचं. दोन्हीकडे मी गुरुकुंज मोझरीहून बघतेय. मोझरी म्हणजे अमरावती-नागपूर महामार्गावरचं तिवसा तालुक्यातलं गाव. तुकडोजी महाराजांनी १९३५ मध्ये इथे आश्रम स्थापन केला, म्हणून बहुतेकांना हे नाव माहीत असतं. इथल्या शाळेतल्या पोराच्या जागी उभं राहून वाचलं की दोन्हींतलं काय कामाचं आणि काय अपुरं, ते लवकर कळतं.

आधी अमेरिकेतलं संशोधन. अर्कान्सा राज्यात बेंटनव्हिल नावाचं छोटं शहर आहे. तिथे २०११ मध्ये ‘क्रिस्टल ब्रिजेस’ हे मोठं कलासंग्रहालय उघडलं. आसपासच्या शाळांसाठी सहल मोफत ठेवली, बसचा खर्चही संग्रहालयानेच उचलला. साहजिकच जागा कमी आणि अर्ज भरपूर. जे ग्रीन, ब्रायन किसिडा आणि डॅनियल बोवेन या संशोधकांनी या अडचणीचाच उपयोग करून घेतला. सारख्या शाळांच्या जोड्या लावल्या आणि आधी कोण जाणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं. एक गट जाऊन आलेला, दुसरा अजून न गेलेला. दोन्हीकडची मुलं साधारण सारखीच, फरक फक्त सहलीचा. जवळपास ११ हजार विद्यार्थी आणि १२३ शाळा. शिक्षणाच्या क्षेत्रात इतकी स्वच्छ तुलना क्वचितच करायला मिळते.

संग्रहालयात मुलं साधारण तासभर होती आणि त्या तासात त्यांनी मोजकी, पाचेक चित्रं पाहिली. वाटाड्याने माहिती फार कमी दिली. ‘इथे काय चाललंय? तुला असं का वाटतं? अजून काय दिसतं?’ या धर्तीचे प्रश्न विचारून मुलांनाच बोलतं ठेवलं. सरासरी तीन आठवड्यांनी दोन्ही गटांना एक कधीही न पाहिलेलं चित्र दाखवलं आणि त्यावर चार ओळी लिहायला सांगितल्या. कोणता निबंध कोणत्या गटाचा, हे तपासणाऱ्यांना माहीत नव्हतं. मुलाने किती नीट निरीक्षण केलं, अर्थ लावताना पुरावा दिला का, दुसरी शक्यता मनात आणली का, असं त्यांनी मोजलं.

निकाल काय आला? जाऊन आलेल्या मुलांचे गुण सरासरीने ०.०९ प्रमाण विचलन इतके जास्त होते. प्रमाण विचलन म्हणजे वर्गातले गुण सरासरीच्या आजूबाजूला किती पसरलेत याचं माप. ०.०९ म्हणजे फरक आहे, पण लहान. ग्रामीण भागातल्या मुलांमध्ये मात्र हाच फरक जवळपास एकतृतीयांश प्रमाण विचलन इतका भरला. फक्त एका तासाच्या भेटीसाठी हे खूपच आहे.

हा आकडा वाचून कुणालाही वाटेल की झालं, गाड्या भरा आणि मुलांना नागपूरला न्या. तिथे अजब बंगला, म्हणजे १८६३ मध्ये सुरू झालेलं मध्यवर्ती संग्रहालय आहेच. मोझरीपासून अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. पण जरा थांबा. त्या संशोधनात काम कशाने केलं, हे आपण बघितलंच नाही.

आपल्याकडच्या सहलीचा नेहमीचा दिवस आठवा. पहाटे निघायचं, दुपारपर्यंत दोन-तीन ठिकाणं उरकायची. संग्रहालयाच्या वाट्याला चाळीस मिनिटं येतात आणि तेवढ्यात सगळी दालनं बघायची असतात. पेंढा भरलेल्या प्राण्यांपुढे गर्दी होते, शिल्पांच्या दालनातून रांग सरळ पुढे सरकते. वहीत ‘नाव, काळ, साहित्य’ असे रकाने असतात आणि मुलं शिल्पाखालची पाटी उतरवून घेतात. पाटीवर नजर असताना शिल्प दिसत नाही. गुरुजींचा जीव पोरांची संख्या मोजण्यात गुंतलेला असतो, त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पण अशा भेटीला बेंटनव्हिलचा आकडा लावणं म्हणजे दुसऱ्याच्या शेताचा उतारा आपल्या सातबाऱ्यावर चढवणं आहे. तिथे पाचच कलाकृती होत्या, प्रश्न होते आणि बोलायला उसंत होती. आपण त्यातली फक्त बस उचलतोय.

हा झाला आपला दोष. त्या संशोधनाच्याही मर्यादा आहेत, आणि शिल्पकलेपुरत्या मला त्या महत्त्वाच्या वाटतात.

पहिली मर्यादा अशी की त्यांनी तपासलं चित्रांवर. चित्रापुढे एका जागी उभं राहून भागतं, शिल्पाला वळसा घालावा लागतो. मूर्तीची पाठ कशी आहे, ती कोरलीय की तशीच सोडलीय? बाजूने पाहिलं तर पोट किती पुढे आहे? सकाळच्या तिरप्या उन्हात जे दिसतं ते दुपारी दिसतं का? या प्रश्नांना पाय लागतात आणि वेळ लागतो. काचेमागच्या किंवा भिंतीला टेकलेल्या मूर्तीबाबत ते जमत नाही. वर ‘हात लावू नये’ ही पाटी. ती योग्यच आहे, हजारो हातांचा घाम दगडालाही सोसत नाही. पण मग स्पर्शाची सोय दुसरीकडे करावी लागते.

दुसरी मर्यादा मोजमापाची. त्यांनी लेखन मोजलं. आपल्याकडचं पोरगं घरी वऱ्हाडी बोलतं आणि वहीत पुस्तकी मराठी लिहितं. ‘थो माणूस रागावला वाट्टे, त्याच्या बोटाईकडं पाह्य ना!’ असं बोलणारा मुलगा त्याच निरीक्षणावर लिहायला बसला की ‘मूर्ती सुंदर आहे’ एवढंच लिहून मोकळा होईल. विचार त्याच्याकडे आहे, मोजपट्टी तोकडी आहे. हे करून बघायचं झालं तर बोलणं ध्वनिमुद्रित करायला हवं, आणि वऱ्हाडीचे गुण कापायचे नाहीत.

तिसरी मर्यादा मला सगळ्यात मोठी वाटते. ग्रामीण मुलांना जास्त फायदा का झाला, याचं सरळ स्पष्टीकरण असं दिलं जातं की त्यांना असे अनुभव एरवी मिळत नाहीत. अर्कान्सात ते खरं असेल. वऱ्हाडातल्या मुलाला संग्रहालय मिळत नाही हेही खरं, पण घडवलेल्या वस्तू त्याच्या अवतीभवती भरपूर असतात. पोळ्याला मातीचे बैल येतात, दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याला चाकांचा लाकडी नंदी ओढत मुलं घरोघर फिरतात. महालक्ष्म्यांचे मुखवटे पेटीतून निघतात, त्यांना धड जोडून, लुगडं नेसवून अख्खी बाई उभी करणं हे घरातल्या बायकांचं कसब मुली जवळून बघतात. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाई-भुलोबाची मातीची जोडी घरात असते. गावच्या मारुतीवर शेंदराचे इतके थर असतात की मूळ दगडाचा आकार हळूहळू बदलत गेलेला असतो. या सगळ्याला शाळा ‘सण’ म्हणते आणि नागपूरच्या दालनात असतं त्याला ‘शिल्पकला’. दोघांची गाठ मात्र कुणी घालून देत नाही. दहावीच्या इतिहासाच्या पुस्तकात ‘भारतीय कलांचा इतिहास’ हा चांगला धडा आहे, ‘ऐतिहासिक ठेव्यांचे जतन’ हाही आहे. पण परीक्षेत त्यांची गांधार आणि मथुरा शैलीवरची टीप होते आणि विषय तिथेच संपतो.

आता दुसरं टोक. सेवाग्राम. १९३७ च्या वर्धा योजनेतून नई तालीम उभी राहिली, हाताच्या कामातून शिक्षण. शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांच्या हाताखाली शिकलेले देवी प्रसाद १९४४ मध्ये सेवाग्रामला आले आणि १९६२ पर्यंत त्यांनी तिथे मुलांना कला शिकवली. ते स्वतः कसलेले कुंभार-कलावंत होते. या अनुभवावरचं त्यांचं ‘आर्ट : द बेसिस ऑफ एज्युकेशन’ हे पुस्तक नॅशनल बुक ट्रस्टने १९९८ मध्ये इंग्रजीत काढलं. मुलाने मोठ्यांची नक्कल करू नये, कला म्हणजे वेगळा तास नसून सगळ्या शिक्षणाचा पाया आहे, आणि बनलेल्या वस्तूपेक्षा बनवताना मुलात जे घडतं ते मोलाचं, असा त्यांच्या मांडणीचा सूर आहे. हर्बर्ट रीड यांच्या ‘एज्युकेशन थ्रू आर्ट’ (१९४३) या पुस्तकाशी त्याचं नातं आहे, पण देवी प्रसादांच्या मांडणीला सेवाग्रामची माती लागलेली आहे. मोझरीच्या वाचकाला हे परकं वाटू नये. ग्रामगीतेत ‘जीवन-शिक्षण’ असा स्वतंत्र अध्यायच आहे.

मला हे पुस्तक आवडतं, पण ते अर्धंच पुरतं. त्याचा जीव मुलाच्या स्वतःच्या घडवण्यात आहे. दीड हजार वर्षांपूर्वी कुणीतरी घडवलेल्या दगडापुढे मुलाला कसं उभं करायचं, हा त्याचा मुख्य प्रश्न नाही. नकलेची भीती इतकी की जुन्या कामाकडून काही घ्यायचं कसं, हे शिक्षकाला नीट उमगत नाही. परिणाम आपण बघतोच. कार्यानुभवाच्या तासाला माती येते, प्रत्येक जण गणपती नाहीतर फळांची टोपली करतो, आणि ती वाळून तडकली की केरात जाते.

म्हणजे एकीकडे डोळा आहे, हात नाही. दुसरीकडे हात आहे, जुनं काम नाही. दोन्ही एकत्र आणायला हवेत एवढं म्हणून भागत नाही, कारण ‘आधी संग्रहालय, मग मातीकाम’ असं तर पुष्कळ ठिकाणी होतच असतं. माझा मुद्दा क्रमाचा आहे. हात आधी, डोळा नंतर.

का, ते बैलाच्या उदाहरणाने सांगते. मुलांना माती द्या आणि चार पायांवर उभा राहणारा बैल करायला सांगा. बारीक, डौलदार पायांचा बैल बसकण मारतो. मग कुणी पाय जाड करतं, कुणी पोटाखाली मातीचा गोळा ठेवतं, कुणी सरळ बसलेला बैल करतं. शिंगं गळून पडतात, मग कळतं की दोन्ही बाजू खरवडून, पातळ चिखल लावून जोडल्याशिवाय सांधा धरत नाही. वर आपली काळी माती. ती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना आक्रसते, उन्हाळ्यात शेताला भेगा पडतात त्याचंही कारण हेच. म्हणून कुंभार त्यात रेती, राख, लीद मिसळतो. हे विज्ञानाच्या तासालाही चालेल.

आता या मुलाला जुन्या मूर्तीपुढे उभं करा. हात अंगाला का चिकटलेत, पायांमधला दगड का काढला नाही, आकृत्या मागच्या फळीतून पूर्ण सुटलेल्या का नाहीत, हे त्याला कुणी सांगावं लागत नाही. त्याच्या बैलाचा पाय कालच मोडलाय. शिल्पकाराचा निर्णय त्याला निर्णय म्हणून दिसतो. न घडवता गेलेल्या मुलाला फक्त ‘देव’ दिसतो, किंवा ‘तुटलेला देव’.

मात्र इथे एक गफलत टाळायला हवी. माती आणि दगड यांची रीत उलटी आहे. मातीत आपण भर घालतो, चुकलं तर पुन्हा थापतो. दगडात फक्त काढता येतं आणि गेलेला कपचा परत येत नाही. दगडाचं शिल्प बघून आल्यावर मुलांना फक्त मातीकाम दिलं, तर नेमकी ही गोष्टच निसटते. ‘टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही’ ही म्हण प्रत्येकाने सुविचाराच्या फळ्यावर लिहिलेली असते, पण टाकीचा आवाज किती जणांनी ऐकलाय? अंगाच्या साबणाची वडी आणि बोथट चमचा एवढ्यावरही कोरणं म्हणजे काय ते कळतं. जमलं तर पाटा-वरवंट्याला टाकी लावणाऱ्या कारागिराला एक दिवस शाळेत बोलवा. त्याला मानधन द्या आणि ‘सर’ म्हणा. नव्या शैक्षणिक धोरणात (२०२०) सहावी ते आठवीसाठी दहा दप्तरविरहित दिवस सांगितलेत, आणि ज्यांच्याकडून शिकायचं त्यांत सुतारांबरोबर कुंभारांचाही उल्लेख आहे. कागद अनुकूल आहे. त्या दहा दिवसांत मुलांना कुणाच्या हातून काय शिकवायचं, ते शाळेनं ठरवायचंय.

डोळ्यासाठी नागपूरच हवं असंही नाही. आर्वीमार्गे वर्ध्याकडे गेलं की धाम नदीच्या काठी पवनार. विनोबा १९३८ मध्ये तिथे राहायला आले. तिथे खोदताना भरत-राम भेटीचं म्हणून ओळखलं जाणारं शिल्प निघालं, आणखीही वाकाटककाळातली उठाव शिल्पं मिळाली, ती आश्रमातच आहेत. शिकवण्याच्या दृष्टीने त्यांचं मोल वेगळं आहे. वा. वि. मिराशींनी या प्रसंगांचं वाचन रामायणकथा म्हणून केलं, पुढच्या काही अभ्यासकांनी त्यातल्या काहींमध्ये कृष्णकथा पाहिली. मोठ्या विद्वानांचंही ‘इथे काय चाललंय’ यावर एकमत नाही! सातवीच्या पोराला याहून चांगलं आमंत्रण कोणतं? मुलांना आधी उत्तर सांगू नका. कोण कुणाकडे बघतंय, कुणाचा हात कुठे आहे, एवढंच विचारा. मग दोन्ही मतं सांगा आणि कुणाचं का पटतं ते बोलू द्या. आश्रमात शांतता पाळायची असते, तेव्हा छोटे गट करा आणि चर्चा बाहेर नदीकाठी घ्या.

अमरावती जिल्ह्यातच दर्यापूर तालुक्यात लासूरचं आनंदेश्वर मंदिर आहे, यादवकाळातलं, काळ्या दगडाचं. तिथे खांबांना प्रदक्षिणा घालता येते, ऊन कुठून येतं ते बघता येतं. कौंडिण्यपूर तर तिवसा तालुक्यातच. रुक्मिणीचं माहेर म्हणून ते सगळ्यांना माहीत असतं, पण मोरेश्वर दीक्षितांनी १९६० च्या दशकात तिथे उत्खनन केलं होतं, हे आपल्याच तालुक्यातल्या किती मुलांना सांगितलं जातं? मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१५ पासून फिरत्या संग्रहालयाची बस सुरू केली. कल्पना उत्तम आहे. पण बस येते आणि जाते, कौंडिण्यपूर जागच्या जागी आहे.

‘एवढं सगळं करून काय मिळणार? मार्क वाढतात का?’ हा प्रश्न पालक-सभेत येणारच, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. बेंटनव्हिलचं उत्तर विचारशक्तीचं आहे. ते बरोबर असेल, पण आपल्यासाठी मला ते पुरेसं वाटत नाही. आपला प्रश्न जास्त तातडीचा आहे.

वऱ्हाडातल्या कितीतरी गावांत पिंपळाखाली, पारावर, विहिरीच्या काठाला जुने कोरीव दगड पडलेले आहेत. कुठे अर्धी मूर्ती, कुठे खांबाचा तुकडा, कुठे वीरगळ. जीर्णोद्धार निघाला की वर्गणी जमते, मन लावून काम होतं, आणि जुन्या दगडावर ऑइल पेंट चढतो, नाहीतर टाइल्स. श्रद्धा खरी असते, वाईट हेतू कुणाचाच नसतो. पण रंगाखाली बोटं बुजतात, कोरलेल्या अलंकाराची धार जाते, आणि आपण काय झाकलं हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. बघायला शिकवलंच नाही, तर हळहळ कुठून येणार? आज सातवीत असलेलं पोरगं वीस वर्षांनी त्याच ग्रामसभेत बसणार आहे. ‘रंग देऊ नका, आधी पाण्यानं हळू धुऊन पाहू, नाहीतर जाणकाराला विचारू’ एवढं एक वाक्य बोलायला एक माणूस तयार झाला, तरी शिकवलेलं कामी आलं. जमिनीत काही सापडलं तर ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे, हेही त्याला माहीत असलं पाहिजे.

म्हणून माझ्या प्रबंधात भेटीचं मोजमाप मी निबंधाने करणार नाही. आधी मातीचा बैल, मग साबणाची वडी, मग पाचच शिल्पं आणि भरपूर वेळ. शेवटी प्रत्येक मुलाने आपल्या गावातला एक जुना दगड शोधायचा, त्याला चहूबाजूंनी बघायचं, चित्र काढायचं आणि त्याच्याबद्दल आजीला किंवा पुजाऱ्याला विचारून यायचं. दगड हलवायचा नाही, खरवडायचा नाही. मुलं काय घेऊन येतात आणि त्याबद्दल वऱ्हाडीत काय बोलतात, ते मी मोजणार आहे. निकाल उलटा आला तर तोही इथेच लिहीन.

तोवर शिक्षक वाचकांना एक विनंती. पुढच्या सहलीचा तक्ता करताना दोन ठिकाणं कमी करा. आणि निघायच्या आठवडाभर आधी वर्गात एक घमेलं माती आणा. रेती मिसळायला विसरू नका, नाहीतर बैल तडकतील.